जुन्या एमएक्स-५ ची सडलेली पेट्रोल लाइन : कोणता पाइप घ्यावा, कोणता टाळावा

पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ (१९८९ ते १९९७) ही दोन सीटची, उघड्या टपाची गाडी ब्रिटनमध्ये आजही बऱ्यापैकी संख्येने रस्त्यावर दिसते. तिचं इंजिन दणकट आहे, गिअरबॉक्स उत्तम आहे आणि सुटे भाग सहज मिळतात. तिचा खरा शत्रू मीठ आहे. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेलं मीठ गाडीच्या पोटाखाली चिखलाबरोबर साचतं. दरवाजाखालचे सिल सडलेले सगळ्यांना दिसतात, पण त्याच मिठाने खाल्लेल्या स्टीलच्या पेट्रोल लाइनकडे वास येईपर्यंत कोणी बघत नाही. गळती असेल तर ही गाडी वार्षिक एमओटी तपासणीत नापास होते. गळती जास्त असली किंवा आगीचा धोका असला तर शेरा ‘धोकादायक’ असा पडतो, आणि ते योग्यच आहे.

या कामासाठी बाजारात मिळणाऱ्या चार पर्यायांचं हे परीक्षण आहे : तांबे-निकेलचा पाइप, तयार वळवलेला स्टेनलेस पाइप, नायलॉनची नळी आणि रबरी होज. निकाल आधीच सांगायचा तर गाडीखालचा लांब पल्ला तांबे-निकेलचा करावा, रबर फक्त दोन्ही टोकांना आणि फिल्टरपाशी आखूड तुकड्यांत वापरावं. या गाडीसाठी याहून चांगली जोडी नाही.

आधी गाडी समजून घ्या

टाकी सीटच्या मागे, मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे आहे. पंप टाकीच्या आत आहे आणि सीटमागच्या कार्पेटखालचं पत्र्याचं झाकण उघडलं की त्याच्यापर्यंत हात पोहोचतो. फिल्टर गाडीच्या खाली, उजव्या मागच्या चाकाच्या पुढे, आच्छादनामागे असतो. तिथून लाइन पोटाखालून इंजिनापर्यंत जाते. लाइन एक नसते, तीन असतात : इंजिनाकडे पेट्रोल नेणारी, उरलेलं पेट्रोल टाकीत परत आणणारी आणि टाकीतली वाफ ती शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्याकडे नेणारी. पुष्कळ लोक पहिली बदलतात आणि बाकीच्या दोन तशाच ठेवतात. तिन्ही एकाच क्लिपांमध्ये, एकाच चिखलात तितकीच वर्षं राहिलेल्या असतात, तेव्हा एक सडली असेल तर इतर दोघींचे दिवसही भरलेले समजा.

गंज सुरू होतो तो प्लास्टिकच्या क्लिपांच्या आत. क्लिप आणि पाइप यांच्या फटीत ओला चिखल अडकतो, कधीच पूर्ण सुकत नाही आणि वरचा लेप उडाला की स्टील गंजून फुगायला लागतं. बाहेरून पाहताना क्लिपच्या दोन्ही बाजूंचा पाइप धडधाकट दिसतो. त्यामुळे तपासणी करायची तर क्लिप उघडूनच करावी. मागच्या सबफ्रेमच्या (मागची चाकं धरणाऱ्या लोखंडी चौकटीच्या) वरचा भाग खास तपासावा. तिथे पाण्याचा फवारा थेट चाकावरून येतो आणि धुण्याचं पाणी मात्र कधी पोहोचत नाही.

इंजेक्शनची गाडी असल्यामुळे पेट्रोल साधारण ३ बार दाबाने वाहतं. कार्बुरेटरच्या गाडीत पाइपला भोक पडलं तर थेंब टपकतो. इथे टाचणीएवढ्या भोकातून बारीक फवारा उडतो, आणि शेजारी सायलेन्सरचा तापलेला पाइप असतो. म्हणूनच सडलेला दोन-चार इंची भाग कापून तिथे रबराचा तुकडा घालून दोन क्लॅम्प आवळण्याची जी ‘जुगाड’ दुरुस्ती सर्रास केली जाते, ती या गाडीवर करूच नये. क्लॅम्प ज्या स्टीलवर बसतो ते आधीच खड्डे पडलेलं असतं, रबर त्या खड्ड्यांवर नीट बसत नाही, आणि पाइपच्या टोकाला उंचवटा नसल्यामुळे दाबाखाली होज सरकून निघू शकतो.

तांबे-निकेलचा पाइप

सुमारे ९० टक्के तांबं, १० टक्के निकेल आणि थोडं लोखंड व मँगनीज असलेला हा मिश्रधातू ब्रिटनमध्ये ‘कुनिफर’ या नावाने ओळखला जातो. व्होल्वोने १९७६ पासून ब्रेकच्या पाइपसाठी हाच धातू वापरला, त्यामुळे मिठाच्या रस्त्यांवर तो टिकतो याला प्रयोगशाळेबाहेरचा पुरावा आहे. पेट्रोल लाइनसाठी ८ मिमी बाह्य व्यासाचा, ०.९ मिमी जाडीचा पाइप घ्यावा. तो साधारण २५ फुटांच्या (७.६ मीटर) वेटोळ्यात मिळतो. एमएक्स-५ चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, फक्त २,२६५ मिमी आहे. वळणं आणि चुकीची कापणी धरली तरी एका लाइनला ३ मीटर पुरतात, म्हणजे एका वेटोळ्यात दोन लाइन आरामात होतात. परतीची आणि वाफेची लाइन ८ मिमीची आहे की ६ मिमीची, हे मागवण्याआधी स्वतःच्या गाडीवर व्हर्निअर लावून पाहावं. सडलेल्या जागी मोजू नका, फुगलेला गंज अर्धा मिलिमीटर सहज वाढवून दाखवतो.

या पाइपचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो हाताने वळतो. मागची सबफ्रेम न उतरवता, टाकी न काढता तो वरच्या बोगद्यातून, म्हणजे पोटाखालच्या लांब पोकळीतून, मागून पुढे सरकवता येतो. स्टेनलेसच्या बाबतीत हे जवळजवळ अशक्य आहे. वेटोळं सरळ करायला सपाट फरशीवर ठेवून एक टोक पायाखाली धरावं आणि फळीने दाबत पुढे लोळवावं. हवेत धरून ओढलं तर पाइप लाटांसारखा वाकडा राहतो आणि तो नंतर कधीच नीट सरळ होत नाही. लांब, सैल वळणं हाताने द्यावीत. घट्ट वळणासाठी पाइप-बेंडर लागतो, आणि वळणाची त्रिज्या २५ मिमीपेक्षा कमी करू नये. चपटा झालेला भाग पुन्हा गोल करायचा प्रयत्न करू नका, तो तुकडा बाद समजा.

दोष? दोन आहेत. एक, तो मऊ असल्यामुळे दगडाच्या माऱ्याने किंवा चुकीच्या जागी लावलेल्या जॅकने चेपतो. जुनी लाइन ज्या खोबणीतून गेली होती तिथूनच नवी न्यावी, खाली लोंबती ठेवू नये. दोन, तांब्याचा मिश्रधातू उघड्या स्टीलला टेकला आणि त्यावर खारट पाणी पडलं तर पाइपला काही होत नाही, गाडीचा पत्रा मात्र गंजतो. म्हणून रबराचं अस्तर असलेल्या पी-क्लिप (‘पी’ अक्षराच्या आकाराच्या, पाइप धरणाऱ्या क्लिप) घ्याव्यात आणि दर ३०० मिमीला एक लावावी. एका लाइनला आठ-दहा क्लिप लागतात.

शुद्ध तांब्याचा पाइप स्वस्त पडतो आणि दिसायला सारखाच असतो, पण तो घेऊ नका. कंपनाने तांबं कडक होतं आणि शेवटी तडकतं. शिवाय तांब्याच्या संपर्कात पेट्रोल लवकर खराब होऊन चिकट गाळ धरतं, आणि महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या हौशी गाडीला हे फार भोवतं.

पाइपचं टोक

पैसे खर्च करायचे तर इथे करा. पाइप कितीही चांगला असला तरी टोकाला उंच कडं नसेल तर ३ बारवर होज टिकेल याची खात्री नाही. हे कडं फ्लेअरिंग टूलच्या, म्हणजे पाइपचं टोक दाबून फुगवायच्या साधनाच्या, पहिल्या टप्प्यातच तयार होतं. ब्रेक पाइपसारखा पूर्ण दुहेरी फ्लेअर करायचा नाही, पहिल्या दाबाला जो गोल फुगवटा येतो तिथेच थांबायचं. हातात धरायचं हायड्रॉलिक फ्लेअरिंग टूल महाग असलं तरी गाडीखाली झोपून चालवता येतं आणि प्रत्येक टोक एकसारखं येतं. दोन पट्ट्यांमध्ये पाइप आवळायचं स्वस्त टूल या कामाला नको. पाइप त्यात सरकतो, त्याच्या दातांच्या खुणा नेमक्या तिथेच उमटतात जिथे रबर बसणार असतं, आणि त्या खुणांमधून पेट्रोल झिरपतं. विकत घेणं परवडत नसेल तर भाड्याने घ्या, किंवा बाहेरच्या टोकांचं काम वर्कशॉपमधून करून आणा.

कापायला करवत वापरू नये, चाकाचा पाइप-कटर वापरावा. कापल्यावर आतली धारदार कड रीमरने काढावी, नाहीतर तो धातूचा कीस थेट इंजेक्टरपर्यंत जातो. मग पाइप ब्रेक क्लीनरने धुऊन दाबाच्या हवेने साफ करावा आणि गाडीखालून सरकवण्याआधी दोन्ही टोकं टेपने बंद करावीत.

स्टेनलेस आणि नायलॉन

तयार वळवलेला स्टेनलेस पाइप फोटोत सुरेख दिसतो. सबफ्रेमसकट सगळं खाली उतरवून संपूर्ण गाडीचं काम करणार असाल तर तो जरूर घ्या, कारण गंजाची चिंता जन्मभर मिटते. पण घोड्यांवर (गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवर) उचललेल्या गाडीखाली झोपून काम करणाऱ्याला तो एका तुकड्यात आत जात नाही. मधे कापून जोडला तर जिथे हात पोहोचत नाही नेमक्या तिथे एक सांधा तयार होतो. त्याला टोकाचं कडं करायला साधं हातातलं टूल पुरत नाही.

नायलॉनची नळी (पीए१२ किंवा पीए११) आधुनिक गाड्यांमध्ये कारखान्यातूनच असते, त्यामुळे ती कमी दर्जाची आहे असं मुळीच नाही. गंजत नाही, हलकी आहे, आणि तिच्यातून पेट्रोलची वाफ फारच थोडी झिरपते. अडचण जोडणीची आहे. दातेरी जोडणीवर ती थंड अवस्थेत दाबून बसवायला खास टूल लागतं. हातोडीने ठोकून किंवा लायटरने तापवून बसवलेली नळी आतून चिरते. तिच्या आत जोडणी बसवून बाहेरून होजचा क्लॅम्प आवळणं हाही चुकीचा प्रकार आहे. एमएक्स-५ च्या बोगद्यात सायलेन्सरची उष्णता आहे, तिथे उष्णतारोधक आच्छादनाशिवाय नायलॉन नको. वाफेच्या लाइनला मात्र नायलॉन उत्तम, कारण तिथे दाब नसतो.

रबरी होज : छापील अक्षरं वाचा

होजवर ‘पेट्रोलसाठी’ एवढंच छापलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. अमेरिकेच्या एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३० या मानकातला वर्ग बघायचा. आर६ आणि आर७ हे कार्बुरेटर, परतीची लाइन आणि वाफ यांच्यासाठी असतात, त्यांचा कामाचा दाब ५० पीएसआय (सुमारे ३.४ बार). एमएक्स-५ च्या दाबाच्या लाइनला हे अपुरं आहे. आर९ इंजेक्शनसाठी असतो, दाब १०० पीएसआय (६.९ बार), आणि आत फ्लुरोइलॅस्टोमर या खास कृत्रिम रबराचा पातळ थर असतो, जो इथेनॉलला दाद देत नाही. आर१० टाकीच्या आत बुडवून ठेवायचा.

झिरपण्यातला फरक किती प्रचंड आहे हे हिशेबाने पाहण्यासारखं आहे. आर७ ला दर चौरस मीटरमागे दिवसाला ५५० ग्रॅम झिरपण्याची मुभा आहे, आर९ ला फक्त १५ ग्रॅम. ८ मिमी आतल्या व्यासाचा ५ मीटर होज घेतला, तर आतलं क्षेत्रफळ सुमारे ०.१२६ चौरस मीटर होतं. मुभेच्या कमाल मर्यादेवर आर७ मधून दिवसाला जवळपास ७० ग्रॅम पेट्रोल हवेत जाईल, आर९ मधून २ ग्रॅमही नाही. गॅरेजमध्ये ‘कुठे गळत नाही तरी वास येतो’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा या आकड्यात असतं. आणि आर९ असला तरी पाच मीटर रबर गाडीखालून नेऊ नये. ते घासतं आणि दर काही वर्षांनी म्हातारं होतं.

गेट्स कंपनीचा बॅरिकेड हा इंजेक्शनचा होज पाच थरांचा आहे आणि त्याचा दाब २२५ पीएसआय दिलेला आहे. या गाडीला इतका लागत नाही, पण झिरपणं कमी असल्यामुळे बंद गॅरेजमध्ये राहणाऱ्या गाडीला तो योग्य. तो थोडा ताठ आहे, फिल्टरजवळच्या आखूड वळणात बसवताना त्रास देतो. जर्मन कोहलाइनचा २२४० हा आर९ लवचीक आहे आणि अशा आखूड तुकड्यांसाठी जास्त सोयीचा आहे.

ऑनलाइन मिळणारे निनावी ‘आर९’ होज हे खरं दुखणं आहे. छापलंय आर९, पण उत्पादकाचं नाव नाही, तारीख नाही, आणि कापून पाहिलं तर आतून बाहेरपर्यंत एकच काळं रबर. शंका असेल तर घरच्या घरी चाचणी होते. ३० सेंटिमीटर तुकड्यात पेट्रोल भरून दोन्ही टोकं बुचांनी व क्लॅम्पनी बंद करावीत, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करावं आणि तुकडा मोकळ्या हवेत, ठिणगीपासून दूर ठेवावा. ८ मिमीच्या खऱ्या आर९ मधून या लांबीत दिवसाला साधारण ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त जाऊ नये. आठवड्याभरात काही ग्रॅम कमी झाले तर तो होज परत करा.

टाकीतल्या पंपावरच्या आखूड होजला आर९ लावण्याची चूक फार जण करतात. आर९ चा आतला थर पेट्रोल सोसतो, बाहेरचा सोसत नाही. बुडून राहिला की बाहेरून फुगतो, सुटतो आणि त्याचे कण सगळीकडे जातात. तिथे आर१० च लागतो. त्याचा फूटभर तुकडा आर९ च्या मीटरपेक्षा महाग पडतो, तरी तोच घ्यावा. १०-१५ सेंटिमीटर पुरतो. पंप बाहेर काढलाच आहे तर त्याच्या झाकणातून वर येणाऱ्या स्टीलच्या नळ्याही बघा. नवी लाइन लावून जुन्या गंजक्या नळीवर होज चढवण्यात काहीच हशील नाही.

क्लॅम्प इंजेक्शनचे घ्यावेत, गुळगुळीत पट्टीचे, नट-बोल्टने आवळणारे. ८ मिमी आर९ ला १३ ते १५ मिमीचा माप बहुधा बसतो, तरी होजचा बाहेरचा व्यास मोजून घ्या. खाचांच्या पट्टीचा साधा क्लॅम्प रबर कुरतडतो. होज पाइपवर किमान २५ मिमी चढला पाहिजे आणि क्लॅम्प कड्याच्या मागे बसला पाहिजे, कड्यावर नाही. पट्टीच्या दोन्ही कडांनी रबर फुगून वर यायला लागलं की जास्त आवळलं गेलं असं समजावं.

संपूर्ण कामाची खरेदी : ८ मिमी तांबे-निकेलचं एक वेटोळं (तिन्ही लाइन ८ मिमीच्या करायच्या तर दोन), परतीची किंवा वाफेची लाइन ६ मिमी निघाली तर तेवढं दुसरं, आर९ चे ८ मिमी दीड मीटर आणि ६ मिमी एक मीटर, आर१० चा एक तुकडा, २० क्लॅम्प, ३० पी-क्लिप आणि नवा फिल्टर. फिल्टरवरचा बाण इंजिनाकडे.

काम करताना

टाकीत १० लिटरपेक्षा कमी पेट्रोल असताना काम सुरू करावं. पंपाचं कनेक्शन काढून इंजिन चालू करायचं आणि ते आपोआप बंद पडू द्यायचं, म्हणजे लाइनमधला दाब जातो. मग टाकीचं झाकण उघडायचं आणि बॅटरीची ऋण तार काढायची. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण थंड झालेले असावेत. गाडी चार घोड्यांवर, मोकळ्या हवेत. खड्ड्यावर उभी करून हे काम कधीही करू नका, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खड्ड्यात साचते. प्रकाशाला एलईडी दिवा, हाताशी पावडरचं अग्निशामक. लाइन खालच्या पातळीवर उघडली की टाकीतून सायफन सुरू होऊ शकतं, म्हणून ८ मिमीचे स्वच्छ बोल्ट बुचासारखे तयार ठेवावेत.

फिल्टरवरचे जुने होज उपटायचा प्रयत्न केला तर फिल्टरची किंवा पाइपची नळीच वाकते. आधी पिळून सैल करा, तरीही निघत नसेल तर लांबीच्या दिशेने चाकूने चिरा. ब्रॅकेटचे सहा मिलिमीटरचे बोल्ट आदल्या दिवशी गंज सैल करणाऱ्या तेलाने भिजवून ठेवावेत, ते तुटले की एका तासाचं काम दिवसभराचं होतं. जुनी लाइन शक्यतो काढू नका, नवी तिच्या शेजारून सरकवून पूर्ण बसेपर्यंत तीच मार्ग दाखवते. सायलेन्सरपासून ५० मिमी अंतर ठेवा, तेवढं मिळत नसेल तर मधे पत्र्याचं आच्छादन लावा.

झाल्यावर पंपाचं कनेक्शन आणि बॅटरी परत जोडून, इंजिन चालू न करता चाचणी घ्यायची सोय या गाडीत आहे. इंजिनखान्यातल्या डायग्नोसिस पेटीत ‘एफ/पी’ आणि ‘जीएनडी’ या दोन जागा वायरने जोडून किल्ली फिरवली की पंप चालू होतो. प्रत्येक सांध्याला कोरडा पांढरा टिश्यू गुंडाळून अर्धा मिनिट चालवा, बंद करा, पुन्हा चालवा. डोळ्याला न दिसणारं झिरपणं टिश्यूवर लगेच उमटतं. दुसऱ्या दिवशी थंड गाडीवर हीच चाचणी परत घ्या आणि शंभरेक किलोमीटरनंतर क्लॅम्प तपासा, नवं रबर बसल्यावर ते थोडे सैल होतात.

महाराष्ट्रात आणि गोव्यात

इथे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, पण कोकणपट्टी आणि मुंबईची खारी हवा तेच काम सावकाश करते. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म घ्या : शरीर फायबरग्लासचं, म्हणून गंजाची भीती नाही असं मालकाला वाटतं. खालचे धातूचे पाइप आणि रबर मात्र इतर कुठल्याही गाडीसारखेच म्हातारे होतात. त्यात आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. जुन्या नायट्राइल रबराला इथेनॉल फुगवतं, त्यातला मऊपणा टिकवणारा भाग काढून घेतं, आणि गाडी काही महिने उभी राहून रबर सुकलं की त्याला बारीक भेगा पडतात. दहा वर्षांहून जुना कुठलाही होज, बोटाने दाबल्यावर भेगा दिसोत वा न दिसोत, बदलून टाकावा. दुकानात ‘पेट्रोल पाइप द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा मोटरसायकलचा साधा पाइप हातात पडतो. आर९ छापलेला, उत्पादकाचं नाव आणि तारीख असलेला होज मागा, नसेल तर मागवून घ्या.